ज्याची भाकरी त्याचं कुत्रं

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार. मी धाराशिव जिल्ह्यातली, गावाबाहेर वस्तीवर राहणारी, उस्मानाबादी शेळ्या पाळणारी बाई आहे. आज बोलायचंय ते शेजाऱ्यांच्या मोकाट कुत्र्यांविषयी. विषय ऐकून कुणाला वाटेल यात काय एवढं बोलायचं, पण ज्याच्या दावणीवर हे बेतलंय त्याला विचारा, तो रात्रभर बोलेल.

तीन वर्षं झाली, भादवाच होता. रात्री तीनच्या सुमाराला शेडकडून एकदम कालवा ऐकू आला. शेळी ओरडते ते आपल्याला रोजचं आहे, पिलाला ओरडते, पाल्याला ओरडते, पण तो आवाज तसला नव्हता, बाईमाणूस किंचाळल्यासारखा होता. बॅटरी घेऊन मी आणि मालक पळालो तर जाळीच्या खालची ओली माती उकरून चार कुत्री आत शिरलेली, शेळ्या एका कोपऱ्यात एकमेकींच्या अंगावर चढलेल्या आणि खालच्या गुदमरलेल्या. बॅटरी मारली तशी कुत्री त्याच भोकातून बाहेर. त्यातली दोन मी लगेच ओळखली, शेजारच्या वस्तीवरची, एक तांबडं आणि एक काळं, पांढऱ्या पायांचं. त्या काळ्याला दिवाळीत मी माझ्या हातानं करंजी घातली होती हो. दिवसा आमच्या अंगणात येऊन झोपायचं ते, लेकरं त्याचे कान ओढायची तरी गुरगुरायचं नाही.

बावीस शेळ्या होत्या. चार जागेवर गेल्या, सात जखमी, आणि खाल्लं म्हणाल तर काहीच नाही, नुसतं फाडून टाकलेलं. कुत्रं दरवेळी भुकेनं हे करतं असं नाही. एकटं असलं की गरीब असतं, पण तीन-चार एकत्र आली आणि समोर जनावर पळायला लागलं की त्यांच्या अंगात येतं, मग जेवढी पळतील तेवढी धरत सुटतात.

दुसऱ्या दिवशी माणसं जमली आणि ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, बिबट्या असेल, वन खात्याला फोन करा, भरपाई मिळेल. यवतमाळकडच्या टिपेश्वर अभयारण्यातून आलेला वाघ २०२४ च्या डिसेंबरमध्ये येडशीच्या रामलिंग अभयारण्यात दिसला, तेव्हापासून तर आमच्या भागात शेळी मेली की आधी वाघाचंच नाव निघतं. पण खुणा बघायला शिका. बिबट्या सहसा गळा धरतो, दातांच्या खोल खुणा तिथंच असतात, आणि बहुतेक वेळा एखादं जनावर उचलून आडोशाला नेतो. कुत्री मागून धरतात, मांड्या, शेपटी, कास, कान, आणि एक मारायच्या ऐवजी दहा जखमी करतात. वन खात्याची भरपाई जंगली जनावरानं मारलं तर आहे, गावकुत्र्यानं मारलं तर नाही. तरी पंचनामा करा आणि डॉक्टरांकडून पोस्टमॉर्टेमचा कागद घ्या, कारण विमा असेल तर तो लागतो, आणि कानात बिल्ला नसेल तर विम्याचं पुढं बोलायलाच नको. माझ्या त्या चार मेल्या त्यातल्या दोघींच्या कानात बिल्ला नव्हता, आज लावू उद्या लावू करत राहिला होता.

आता जखमी जनावराचं सांगते, कारण इथंच आपण जास्त चुकतो. चावा वरून बघाल तर चार भोकं दिसतात, आपण म्हणतो काही नाही, हळद भरा. आमच्या डॉक्टरांनी एका शेळीच्या मांडीवरचे केस कात्रीनं काढले आणि मला बोट लावून दाखवलं, कातडी वरून शाबूत आणि आत मांसापासून पूर्ण सुटलेली, पिशवीसारखी. त्या पिशवीत घाण साठते, चार दिवसांनी वास सुटतो आणि मग अळ्या पडतात. म्हणून हळद, चुना, चटणी काही भरायचं नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली जखम १५ मिनिटं धुवायची, घड्याळ लावून १५ मिनिटं, नाहीतर आपली १५ मिनिटं दोनातच संपतात, आणि लगेच १९६२ ला फोन लावायचा, फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा तो नंबर आहे, फोनला पैसे लागत नाहीत. धनुर्वाताचं इंजेक्शन, अँटिबायोटिक, टाके घालायचे की जखम उघडी ठेवायची हे त्यांना ठरवू द्या.

आणि रेबीज. चावलेल्या शेळीला पण लस असते हे मला तोवर माहीतच नव्हतं, मला वाटायचं ती माणसाचीच. चावल्याच्या दिवशी पहिला डोस, मग तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी, असं डॉक्टरांनी मला कॅलेंडरवर लिहून दिलं होतं. खर्च वाटतो खरा, पण रोगाची लक्षणं दिसल्यावर जगात उपाय नाही. लक्षणं आठवड्यांनी येतात, कधी महिन्यांनीही, जनावर आवाज बदलून ओरडतं, लाळ गळते, घास गिळता येत नाही. अशा वेळी घशात काही अडकलंय म्हणून तोंडात हात घालू नका, कळकळीनं सांगते, घालू नका. जखम धुताना हातमोजे घाला, आणि तुमच्या हाताला चीर असेल नि लाळ लागली असेल तर शेळीच्या आधी तुम्ही दवाखान्यात जा. दूध उकळल्याशिवाय कुणाला देऊ नका.

एवढं करून सातातल्या पाच वाचल्या. आणि एक गोष्ट हिशोबात कुणी धरत नाही, ज्यांना दात सुद्धा लागला नव्हता अशा तीन गाभण शेळ्या आठवड्याभरात गाभडल्या, नुसत्या भीतीनं. पाच महिने पोसायचं नि हाती काही नाही, उस्मानाबादीला बरेचदा जुळं असतं, म्हणजे ती पाच-सहा करडं सुद्धा त्या कुत्र्यांनीच मारली म्हणायची.

आता शेजाऱ्यांचं. मला याच्यासाठीच बोलायचं होतं. खरं सांगायचं तर त्या रात्रीच्या आधी दोनदा त्याच कुत्र्यांनी चरायला सोडलेल्या शेळ्यांचा पाठलाग केला होता, मी डोळ्यांनी बघितला होता, आणि बोलले नाही. का, तर उन्हाळ्यात आमची विहीर आटली की आम्ही त्याच शेजारच्या वस्तीवरच्या अण्णांच्या बोअरचं पाणी घेतो, त्यांच्या बायकोशी, वहिनींशी, रोजची ऊठबस, कुत्र्यावरून कशाला तोंड वाईट करायचं. भीड भिकेची बहीण म्हणतात ना, सहा शेळ्या भिडेपायी गेल्या माझ्या. तेव्हा पहिल्यांदा पाठलाग केला की त्याच संध्याकाळी जा. तेव्हा जाल तर चहा घेऊन बोलणं होतं, शेळी मेल्यावर जाल तर दोघांचाही आवाज चढलेला असतो.

मी गेले तेव्हा अण्णा म्हणाले, "अक्का, ती काय आमची कुत्री नव्हेत, दारात येतात म्हणून तुझी वहिनी तुकडा टाकते." हे उत्तर तुम्हाला सगळीकडं मिळेल बघा. चोर आला की कुत्रं आमचं, चावलं की गावाचं. पण जो रोज भाकरी घालतो, ज्याच्या हाकेला ते येतं, त्याचंच ते कुत्रं, मी तरी असंच धरते. कायद्यात पण आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २९१, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते कलम माणसाच्या जिवाच्या धोक्याचं आहे, शेळीच्या भरपाईसाठी पोलिसात अर्ज आणि दिवाणी दावा असा लांबचा रस्ता राहतो. आपल्याकडं ओढाळ गुराला लोढणं असतं, कोंडवाडा असतो, इंग्रजांनी १८७१ मध्येच त्याचा कायदा केला, पण शेळ्या मारून येणाऱ्या कुत्र्याला कोंडवाडा नाही. म्हणून समोरासमोर बसूनच मिटवावं लागतं, आणि बसताना हातात पुरावा लागतो. माझ्या मुलानं सकाळीच जाऊन त्या काळ्याचा व्हिडिओ काढला होता, छातीच्या केसांवर वाळलेलं रक्त. तो मोबाईल वहिनींनी बघितला आणि त्याच बोलल्या, "अहो, आपलंच आहे." अण्णा खाली बघत राहिले.

त्याच आठवड्यात गावातल्या एकानं सल्ला दिला, मटणात औषध कालवून बांधावर ठेव, एका रात्रीत प्रश्न मिटतो. मी त्याला हात जोडले. शेजारच्या गावात असंच कुणीतरी ठेवलं होतं, मेलं कोण तर वाड्यावर उतरलेल्या धनगराचं राखणीचं कुत्रं, सगळी मेंढरं ज्याच्या भरवशावर तो वाघुरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, कोंडून झोपायचा ते. दोन दिवस तो माणूस जेवला नव्हता. विष कुणाचं नाव विचारत नाही, कावळा खाईल, मांजर खाईल, उद्या रांगतं लेकरू हात लावेल. शिवाय त्याच न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली जनावराला विष घालणं, मारणं हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे, म्हणजे शेळ्या तुमच्या गेल्या आणि आरोपी पण तुम्हीच.

आमचं मारुतीच्या पारावर मिटलं. अण्णांनी त्यांच्या कळपातल्या दोन पाटी, म्हणजे तरण्या शेळ्या, दिल्या, औषधाचा निम्मा खर्च दिला, आणि कुत्री रात्री बांधायची कबूल केलं. नुसती दोरीनं खुंट्याला बांधली तर ती रात्रभर रडतात आणि चौथ्या दिवशी माणूस कंटाळून सोडतो, म्हणून मालकांनी आणि अण्णांनी मिळून दोन खांबांमध्ये जाड तार ओढली, तिच्यावर कडी आणि कडीला साखळी, म्हणजे कुत्र्याला इकडून तिकडं फिरता येतं, राखण पण होते. हे जुगाड कुठल्याही वस्तीवर अर्ध्या दिवसात होतं.

तांबडीचं, म्हणजे ती मादी होती, तिचं ऑपरेशन जिल्ह्याच्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात करून आणलं. भादव्यात माजावरच्या कुत्रीमागं चार गावांची कुत्री लागतात, त्यातूनच हे कळप होतात, नंतर साधारण दोन महिन्यांनी पिल्लं, ती कार्तिक-मार्गशीर्षात रस्त्यावर, आणि पुढच्या वर्षी तीच आपल्या शेडभोवती. मालक नसलेल्या कुत्र्यांसाठी २०२३ च्या प्राणी जनन नियंत्रण नियमांप्रमाणं नसबंदी आणि लसीकरणाची जबाबदारी ग्रामपंचायतीवर पण आहे, ग्रामसभेत हा विषय लेखी द्या, तोंडी बोललेलं हवेत जातं.

अजून एक, मेलेलं जनावर. पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या, वासरू, शेळी, आपण ओढ्यात टाकून येतो. पूर्वी गिधाडं होती, तासाभरात हाडं राहायची. डायक्लोफिनॅक हे सूज-दुखण्याचं औषध दिलेली जनावरं खाऊन गिधाडं संपली, २००६ मध्ये जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली पण गिधाडं काही आमच्याकडं परत आली नाहीत, त्यांच्या जागी कुत्री जेवतात. कच्च्या मांसाची चटक आपणच लावतो. शिवाय मेलेल्या मेंढीचं डोकं कुत्र्यानं खाल्लं की मेंदूतल्या गाठीतून त्याच्या पोटात जंत होतात, त्याची अंडी चाऱ्यावर पडतात आणि आपलं दुसरं जनावर एका जागी गरगर फिरायला लागतं. खोल खड्डा काढा, चुना टाका, पुरा.

शेडला आम्ही जाळी जमिनीतून बाहेरच्या बाजूला दोन फूट आडवी पसरून वर दगड ठेवलेत. कुत्रं कुंपणाला खेटूनच उकरतं, मागं सरकून उकरायचं त्याला सुचत नाही. नुसत्या काटेरी तारेचा उपयोग नाही, खालून जातात. व्यायलेल्या शेळ्या आणि करडं मधल्या खणात, कडेला नाही.

माझ्या शेळ्या अजून रात्री कुत्रं भुंकलं की सगळ्या एकदम उभ्या राहतात, रवंथ थांबतो, तीन वर्षांनी सुद्धा. मग मी बाहेर येऊन उभी राहते, त्यांना माझा आवाज ऐकू आला की एकेक बसायला लागते. आणि रोज सात वाजता बांधावरून अण्णांची हाक येते, "अक्का, बांधली हो दोन्ही!" ती ऐकल्यावरच मी शेडची कडी लावते.

नमस्कार.