असई: दोन नद्यांच्या बेचक्यात

(दृश्य: सकाळची केळणा, पाण्यात उतरलेल्या म्हशी)

ही केळणा. उत्तरेला तिच्याच संगतीने वाहते ती जुई. थोडं पुढे दोघी एकमेकींना मिळतात. त्यांच्या बेचक्यात, जुईच्या काठावर, असई. तालुका भोकरदन, जिल्हा जालना.

वॉटर्लूला नेपोलियनला हरवणाऱ्या ड्यूक ऑफ वेलिंग्टनला म्हातारपणी कुणीतरी विचारलं, तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती? त्याने या गावाचं नाव घेतलं.

(दृश्य: उतारावरून पाणी ओलांडणारी बैलगाडी)

२३ सप्टेंबर १८०३. दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजा केळणेच्या पलीकडे. अलीकडे इंग्रजांचा चौतीस वर्षांचा आर्थर वेलस्ली, पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झालेला तोच. वाटाडे म्हणाले, इथे उतार नाही, नदी ओलांडायला जागा नाही. वेलस्लीला मात्र दोन गावं दिसली. या काठाला पिंपळगाव, समोरच्या काठाला वरूड. दोन गावं अशी समोरासमोर असतील, तर मधून येणं-जाणं असणारच! इंग्रजांच्या इतिहासात हे मोठं शहाणपण ठरलं. नदीकाठच्या कुठल्याही गुराख्याने ते सांगितलं असतं.

(दृश्य: कपाशीचं रान, मग गावाच्या मातीच्या भिंती)

फौज पाण्यात उतरली आणि तोफा सुरू झाल्या. वेलस्लीच्या जवळच्या एका स्वाराचं मुंडकं गोळ्याने उडालं. शिंद्यांच्या कंपूंचा, म्हणजे कवायती पलटणींचा, सरदार पोलमन हा जर्मन. त्याने भराभर तोंड फिरवून दोन नद्यांच्या मधे नवी फळी उभी केली. असईच्या भिंतींआडही तोफा होत्या. इंग्रजांची ७४ वी हायलँडर पलटण भरकटून त्यांच्या तोंडी गेली आणि जवळजवळ संपली.

आता गोलंदाजांकडे बघा. शत्रू अंगावर आला तरी ते तोफा सोडून हटले नाहीत. काही जण मेल्याचं सोंग घेऊन पडून राहिले आणि इंग्रज पुढे सरकताच त्याच तोफा त्यांच्या पाठीवर डागल्या. त्यांची नावं कुठे नाहीत. वेलस्लीच्या दोन घोड्यांपैकी एकाचं नाव मात्र आजही सापडतं: डायोमेड.

आणि हो, वेलस्लीच्या बाजूला पेशव्यांचे स्वारही होते.

संध्याकाळी मैदान इंग्रजांकडे. त्यांचे पंधराशेहून जास्त मेलेले आणि जखमी. पुढे अडगाव, गाविलगड इथल्या लढाया, आणि ३० डिसेंबरला सुर्जी अंजनगावचा तह. दिल्ली-आग्रा शिंद्यांच्या हातून गेलं.

(दृश्य: संध्याकाळ, जुईचा काठ. निवेदन नाही, फक्त पाण्याचा आवाज.)