जिप्सीचं फ्लायव्हील आणि क्लच: गिअरबॉक्स परत चढवण्याआधी

(दृश्य: वागळे इस्टेट, ठाणे. शेडमध्ये चार स्टँडवर उभी जिप्सी. गिअरबॉक्स खाली उतरवलेला, बेल हाउसिंग (क्लचवरचं घंटेच्या आकाराचं आवरण) उघडं.)

मारुती जिप्सी १९८५ मध्ये ९७० सीसी इंजिन घेऊन आली. १९९६ मध्ये १२९८ सीसीची जिप्सी किंग आली आणि पुढे त्याच मापाचं १६ व्हॉल्व्हचं एमपीएफआय (प्रत्येक सिलिंडरला वेगळं इंधन फवारणारं) इंजिन, ८० बीएचपी आणि १०३ न्यूटन-मीटर टॉर्कचं. रॅलीसाठी बांधलेल्या अशाच एका जुन्या जिप्सीला बाहेरचं, म्हणजे मूळ कंपनीचं नसलेलं, हलकं फ्लायव्हील (क्रँकच्या मागे बोल्टने बसणारी जड चकती) आणि नवा क्लच बसवायचा आहे. पार्ट विकत मिळतात. ते या गाडीत नीट बसतील की नाही, हे मात्र मोजूनच कळतं, आणि मोजायची वेळ एकच: गिअरबॉक्स खाली असताना.

त्याही आधी नियमपुस्तिका उघडा. फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाच्या ज्या गटात तुम्ही उतरणार, त्या गटात फ्लायव्हीलचं वजन बदलायला परवानगी आहे का, ते लेखी वाचा. स्क्रूटिनीच्या, म्हणजे स्पर्धेआधीच्या तांत्रिक तपासणीच्या, टेबलावर हा प्रश्न निघाला तर हातात काहीच उरत नाही.

(दृश्य: जुनं आणि नवं फ्लायव्हील शेजारी, काट्यावर.)

हलक्या फ्लायव्हीलने इंजिनची ताकद वाढत नाही. आरपीएम वाढवताना फ्लायव्हील फिरवण्यात जी ताकद खर्च होते, ती थोडी वाचते. किती वाचते, ते वजन कुठून काढलं यावर ठरतं. कडेवरून, केंद्रापासून १२० मिलिमीटरवरून, १ किलो धातू काढला तर ०.०१४४ किलोग्रॅम-मीटर वर्ग इतकं जडत्व कमी होतं. जिप्सीत पहिल्या गिअरचं एकूण गुणोत्तर, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि डिफरेन्शियल धरून, साधारण २० येतं. त्याचा वर्ग ४००. चाकाची त्रिज्या सुमारे ०.३३ मीटर, तिचा वर्ग ०.१०९. ०.०१४४ ला ४०० ने गुणून ०.१०९ ने भागलं की उत्तर येतं जवळजवळ ५३ किलो. पहिल्या गिअरमध्ये गाडी तेवढ्याने हलकी झाल्यासारखी उठते. चौथ्या गिअरमध्ये त्याच १ किलोचा फायदा फक्त ४ किलोंचा. म्हणून घाटातल्या हेअरपिनमधून बाहेर पडताना फरक जाणवतो, सरळ मोकळ्या रस्त्यावर जवळपास नाहीच.

तोच १ किलो ६० मिलिमीटरवरून काढला तर फायदा एक चतुर्थांश उरतो, आणि बोल्टांच्या भोवतालचा, ताण घेणारा भाग मात्र कमजोर होतो. बाहेरचं फ्लायव्हील घेताना नुसतं वजन विचारू नका. कडेला धातू किती आहे ते पाहा.

आमचं मत स्पष्ट आहे: रॅलीच्या जिप्सीला मूळ वजनाच्या एक चतुर्थांश ते एक तृतीयांश कपात पुरे. त्याहून हलकं फ्लायव्हील चिखलातल्या चढावर क्लच सोडताना इंजिन बंद पाडतं. चालक मग आरपीएम वाढवून हाफ क्लचवर गाडी काढतो आणि नवी क्लच प्लेट रॅलीच्या एका स्टेजमध्ये (वेळ मोजून पळवायच्या टप्प्यात) जळते. आयडलही डगमगतं, ते १००० च्या आसपास ठेवावं लागतं.

मूळ बिडाचं फ्लायव्हील लेथवर पातळ करून घ्यायचा मोह होतो. करू नका. बीड दाब सोसतं, ओढ सोसत नाही, आणि फिरताना कडेवर येते ती ओढच. आरपीएम दुप्पट झाले की हा ताण चौपट होतो. फुटलेलं फ्लायव्हील बेल हाउसिंग फोडून बाहेर येतं, आणि जिप्सीत त्याच्या वर चालक-सहचालकांचे पाय असतात. हलकं हवं असेल तर अखंड स्टीलमधून कातलेलंच घ्या.

(दृश्य: गाडीखालून. जॅक, ड्रेन होणारं ऑइल.)

गिअरबॉक्स उतरवणं जिप्सीत अवघड नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. आतून गिअर लिव्हर, खालून क्लच केबल, स्टार्टर आणि रिव्हर्स लाइटची वायर. गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस यांच्यामधला छोटा शाफ्ट काढण्याआधी गिअर ऑइल गाळून घ्या, कारण शाफ्ट निघाला की मागून ऑइल वाहतं. गिअरबॉक्स सरळ मागे ओढा आणि त्याचं वजन सतत जॅकवर ठेवा.

आता जुने भाग वाचायचे. प्रेशर प्लेट (क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग) आणि फ्लायव्हील ऑइलने ओले असतील तर ते कुठून आलं ते शोधा. इंजिनच्या बाजूने काळं ऑइल म्हणजे मागचं क्रँक सील गेलं. गिअरबॉक्सच्या बाजूने, गिअर ऑइलचा तो ओळखीचा उग्र वास येत असेल तर इनपुट शाफ्टचं सील. दोन्ही सीलं आत्ताच बदला, एक चांगलं दिसत असलं तरी. पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं छोटं बेअरिंग, बोटाने फिरवा. जरा जरी खरखर लागली तरी नवं घाला, ठोकताना ड्रिफ्ट (ठोकायची दांडी) बाहेरच्या रिंगवरच टेकवा.

(दृश्य: क्रँकच्या फ्लँजवर बारीक ऑइलस्टोन, मग स्वच्छ चिंदी.)

क्रँकचा फ्लँज आणि फ्लायव्हीलची त्याला टेकणारी बाजू: इथे घाई नको. समजा फ्लँज ८० मिलिमीटर व्यासाचा आहे आणि एका कडेला ०.०५ मिलिमीटरची घाण किंवा बर (धातूची उठलेली बारीक कड) राहिली. २०० मिलिमीटरच्या घर्षण-पृष्ठावर तिचं ०.१२५ मिलिमीटर डगमगणं होतं. सुझुकीची मर्यादा ०.२ आहे, म्हणजे निम्म्याहून जास्त सूट कचऱ्यातच गेली. ऑइलस्टोन फिरवा, ब्रेक क्लीनरने पुसा, नख फिरवून बघा.

पुढे बोल्ट. बाहेरच्या फ्लायव्हीलची मधली जाडी मूळ फ्लायव्हीलपेक्षा कमी असेल तर जुन्या लांबीचा बोल्ट क्रँकच्या भोकात तळाला टेकतो. टॉर्क रेंच टिक करतो, बोल्ट घट्ट वाटतो, आणि फ्लायव्हील मात्र मोकळं असतं. म्हणून फ्लायव्हील न लावता बोल्ट हाताने पूर्ण आत घाला, बाहेर उरलेली लांबी मोजा आणि ती नव्या फ्लायव्हीलच्या जाडीपेक्षा कमी आहे याची खात्री करा. बोल्ट नवेच. टॉर्कचा आकडा तुमच्या इंजिनच्या मॅन्युअलमधून घ्या. १६ व्हॉल्व्हचा आणि जुन्या ८ व्हॉल्व्हचा आकडा एकच धरून चालू नका.

बोल्ट टप्प्याटप्प्याने, समोरासमोरचे कसा. मग घर्षण-पृष्ठाचं डगमगणं, म्हणजे रनआउट, मोजायला डायल गेज लावा. फ्लायव्हील फिरवताना क्रँक एकाच दिशेला दाबून धरा, नाहीतर क्रँकचा एंड प्ले (पुढे-मागे सरकण्याचा वाव) गेजवर दिसतो आणि चांगल्या फ्लायव्हीलला दोष लागतो.

(दृश्य: डेप्थ गेज, फ्लायव्हीलच्या पायरीवर.)

सगळ्यात जास्त फसवणारं माप हे आहे. प्लेट ज्या पृष्ठावर घासते ते, आणि प्रेशर प्लेटचं कव्हर ज्यावर बोल्टने बसतं ते, या दोघांमधलं उंचीचं अंतर, म्हणजे पायरी. नव्या फ्लायव्हीलवर हे अंतर जुन्याइतकंच हवं, किंवा क्लच किटवाल्याने दिलेलं हवं. घर्षण-पृष्ठ गरजेपेक्षा खोल गेलं तर कव्हरमधली डायफ्रॅम स्प्रिंग पुरेशी दबत नाही आणि क्लच पहिल्याच दिवशी स्लिप होतो. लेथवाल्याने घर्षण-पृष्ठावर ०.३ मिलिमीटरची फेसिंग मारली (तेवढा थर कातून काढला) असेल तर कव्हरच्या बाजूनेही ०.३ काढायलाच हवेत. हे त्याला तोंडी सांगू नका, चॉकने फ्लायव्हीलवर लिहून द्या.

दुसरी उंची: क्रँकच्या फ्लँजपासून घर्षण-पृष्ठापर्यंतची. ती कमी झाली की अख्खा क्लच इंजिनकडे सरकतो आणि क्लच सोडवणाऱ्या रिलीज बेअरिंगला जास्त अंतर चालावं लागतं. केबल शेवटच्या आट्यापर्यंत आवळली तरी क्लच पूर्ण सुटत नाही.

तिसरी जागा स्टार्टरची. रिंग गिअर (फ्लायव्हीलच्या कडेची दातेरी रिंग) जुन्या जागेपासून पुढे-मागे नको, आणि दातांची उतरती कड स्टार्टरचं पिनियन (छोटं दातेरी चाक) ज्या बाजूने येतं त्या बाजूला हवी. रिंग नवीन बसवायची असेल तर ओव्हनमध्ये २०० ते २५० अंशांवर सगळीकडून सारखी तापवा. गॅसच्या ज्योतीने निळी पडेपर्यंत तापवली तर दातांचा कडकपणा गेला समजा.

फ्लायव्हील आधी एकटं बॅलन्स करा, मग कव्हर लावून, आणि दोघांवर जुळणी खूण करा. ६००० आरपीएमवर १०० मिलिमीटर त्रिज्येवरचा फक्त ५ ग्रॅमचा फरक सुमारे २० किलोच्या जोराने क्रँकला एका बाजूला ओढतो. बॅलन्सिंगच्या अचूकतेच्या जी २.५ या ग्रेडला ६ किलोच्या फ्लायव्हीलवर त्याच त्रिज्येवर पाव ग्रॅमसुद्धा जास्त ठरतो. वागळे इस्टेटमध्ये किंवा खाडीपलीकडे रबाळे-तुर्भे पट्ट्यात बॅलन्सिंगला देताना ग्रेड आणि आरपीएम चिठ्ठीवर लिहा. नुसतं ‘बॅलन्स करून द्या’ म्हटलं तर सामान्य गाडीच्या हिशेबाने काम होतं.

(दृश्य: कणकेची छोटी गोळी, फ्लायव्हीलच्या बोल्टच्या डोक्यावर.)

बाहेरच्या फ्लायव्हीलसोबत येणाऱ्या बोल्टांची डोकी कधी कधी जाड असतात आणि क्लच प्लेटच्या स्प्रिंगांना लागतात. तपासायला भिजवलेली कणीक पुरते. बोल्टच्या डोक्यांवर आणि प्लेटच्या हबसमोर गोळ्या ठेवा, प्लेट-कव्हर लावून कसा, परत उघडा आणि दबलेली कणीक सुरीने कापून जाडी मोजा. दोन मिलिमीटर तरी हवेत. मग कणकेचा प्रत्येक कण पुसून काढा.

प्लेट कोणती? स्टॉक (मूळ, न बदललेल्या) इंजिनला ऑरगॅनिक लायनिंग (प्लेटवरचा नेहमीचा घर्षण-थर) आणि थोडं जास्त दाबाचं कव्हर हेच आमचं उत्तर. सेरामेटॅलिक (सिरॅमिक आणि धातूच्या मिश्रणाची) प्लेट उष्णता सोसते, पण झटक्याने पकडते आणि तो झटका थेट गिअर आणि अ‍ॅक्सलपर्यंत जातो. ठाण्यात कापूरबावडीच्या किंवा गायमुखच्या वाहतुकीच्या रांगेत तासभर रांगायचं असेल तर ती मुळीच नको. फार जड कव्हरही नको: केबल ताणते आणि पेडल दाबताना फायरवॉल वाकते. कव्हर कोणतंही असो, केबल नवी घाला.

प्लेटवर फ्लायव्हीलकडची बाजू छापलेली असते, ती उलटी घालू नका. प्लेट मधोमध धरणारं अलाइनमेंट टूल घालून कव्हरचे बोल्ट अर्धा-अर्धा आटा आळीपाळीने कसा, शेवटी २३ न्यूटन-मीटरच्या आसपास. इनपुट शाफ्टच्या स्प्लाइनवर (लांब खाचांवर) मॉलिब्डेनमचं ग्रीस अगदी पुसट लावा. उरलेलं ग्रीस फिरताना उडून लायनिंगवर बसतं.

गिअरबॉक्स चढवताना तो प्लेटच्या हबवर लोंबकळला तर प्लेट वाकते आणि मग क्लच कधीच नीट सुटत नाही. शेवटचे १० मिलिमीटर हाताने गेले पाहिजेत. जात नसतील तर बोल्टने ओढू नका, बेल हाउसिंगचा कान तुटेल. मागे घ्या, अलाइनमेंट पुन्हा बघा.

(दृश्य: पेडल, मोजपट्टी.)

पेडलला २० ते ३० मिलिमीटर फ्री प्ले (क्लचवर जोर येण्याआधीची मोकळी हालचाल) ठेवा. चाचणी अशी: इंजिन आयडलला, क्लच पूर्ण दाबून तीन सेकंद थांबा, मग रिव्हर्स टाका. कर्रकन आवाज आला तर क्लच सुटत नाही: केबल, उंची किंवा वाकलेली प्लेट, याच क्रमाने तपासा. चढावर आरपीएम वाढतात पण वेग वाढत नाही, म्हणजे स्लिप: आधी फ्री प्ले, मग पायरीची खोली, मग ऑइल. सोडताना गाडी थरथरत असेल तर रनआउट, ग्रीस किंवा इंजिनचे माउंट.

ऑरगॅनिक प्लेट बसायला ३०० ते ५०० किलोमीटर लागतात. घोडबंदर रोडवर थांबत-चालत, पण हाफ क्लचवर न राहता ते सहज होतात. त्यानंतरच कसारा घाट. आणि एक गोष्ट खास इथल्या हवेची: पावसाळ्यात नवीन कातलेलं स्टील एका रात्रीत गंजतं. गाडी जोडून आठवडाभर उभी राहिली तर प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. म्हणून जोडल्यावर लगेच चालवा, आणि उभीच ठेवायची असेल तर दोन-तीन दिवसांनी गाडी सुरू करून क्लच काही वेळा दाबून सोडा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर लायनिंग घासून बसल्यामुळे फ्री प्ले कमी झालेला असतो. तो मोजून केबल पुन्हा सेट करा, आणि मगच गाडी स्टेजवर न्या.