खणण्याआधीची खुंटी

नमस्कार. आजचा जाहीर केलेला विषय: भूमिगत कोळसा खाणीवरची जमीन खचते, तेव्हा वरचे रस्ते, नाले, नळ कसे सांभाळायचे. पहिल्या रांगेतल्या काकांनी मघाशीच विचारलं, "आमच्याकडे कोळसा खंय?" बरोबर आहे. गोव्यात कोळसा निघत नाही, मुरगाव बंदरात उतरतो तेवढाच. इथे साखळी शहरात बसून उघड्या लोहखनिज खाणींविषयी मी तुम्हाला काय नवं सांगणार? पण 28 वर्षं मी विदर्भातल्या भूमिगत कोळसा खाणींत सर्व्हेअर होतो, आणि तिथली एक गोष्ट आपल्या विहिरींपर्यंत येते.

आमच्या एका पॅनेलवरून, म्हणजे खाणीतल्या एका आखलेल्या भागावरून, नाला जात होता. आपण व्हाळ म्हणतो तसाच, वैशाखातही डबकी राखणारा. खाली डिपिलरिंग चाललेलं. म्हणजे आधी कोळशात गल्ल्या पाडायच्या, मध्ये कोळशाचेच खांब ठेवायचे, आणि परत फिरताना ते खांबही काढायचे. मागे उरते ती पोकळी म्हणजे गोफ. त्याचं छत मुद्दाम पडू देतात. ते लटकून राहिलं आणि मग एकदम कोसळलं, तर हवेच्या झोताने माणूस फेकला जातो. छत पडलं की वरचे थर वाकतात आणि जमिनीवर बशीसारखा खोलगट भाग होतो. ही बशी पॅनेलपेक्षा मोठी असते. कडेला जमीन ताणली जाते, मध्ये दाबली जाते. आमचा नाला नेमका कडेवर होता.

श्रावणातल्या एका सकाळी एक गुराखी धावत आला, "साहेब, नाला गेला!" जाऊन बघतो तर वरून पाणी येतंय, आणि हात जाईल एवढ्या भेगेपाशी गोल फिरून आत उतरतंय. पुढे नुसती ओली वाळू. खाली शिफ्टमध्ये माणसं होती. धनबादजवळच्या चासनाला कोळसा खाणीत 27 डिसेंबर 1975 रोजी पाणी खाणीत घुसून 375 कामगार गेले, ते आम्हा सगळ्यांच्या डोक्यात. आधी माणसं वर काढली, मग चिकणमातीची पोती टाकत संध्याकाळ झाली.

खरी गोष्ट पुढे आहे. भरपाईच्या बैठकीत एका अधिकाऱ्याने गावकऱ्यांना विचारलं, "नाल्याला उन्हाळ्यात पाणी असायचं, याचा पुरावा?" एक आजोबा म्हणाले, "माझ्या म्हशींना विचारा." तुम्ही हसलात, तिथेही सगळे हसले. मला हसू आलं नाही. जमीन किती खचली ते मोजायला पॅनेलवर रोवलेल्या खुंट्यांची लेव्हल, म्हणजे उंची, माझ्याकडे मिलिमीटरपर्यंत होती, पण नाल्यावर एकही खुंटी नव्हती, पाण्याची एकही नोंद नव्हती. आजोबा खरं बोलत होते आणि ते सिद्ध करणारा कागद मी केलेला नव्हता. डिचोलीत खाणीचा खड्डा उपसल्यावर विहीर आटते, तेव्हा आपल्यालाही हेच विचारतात ना?

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. जाहीर केलेला विषय आता भरभर सांगतो. कायदा आहे: सार्वजनिक रस्ता, रेल्वे, इमारत यांच्यापासून 45 मीटरच्या आत, आणि नदीखाली किंवा तिच्या काठापासून 15 मीटरच्या आत, परवानगीशिवाय खणता येत नाही. परवानगी मिळाली तरी उपाय लागतातच. रस्त्याखालचे खांब तसेच ठेवावेत, किंवा गोफात पाण्याबरोबर वाळू भरावी. मग जमीन फार कमी खचते. नळाची लाइन कडेवर सांध्यात निखळते, मध्ये वाकते. म्हणून ती आधीच उघडी करून लवचीक सांधे बसवावेत. विजेच्या तारांना ढील द्यावी. भेगा पावसाआधी चिकणमातीने ठोकून भराव्यात, आणि पाऊस संपल्यावर पुन्हा बघाव्यात. गरज पडली तर ओहोळ तेवढ्यापुरता पक्क्या पाटातून न्यावा. जुन्या उथळ गल्ल्या कित्येक वर्षांनीही बसतात, म्हणून खाण बंद झाली तरी लेव्हल घेत राहावं.

पण या सगळ्याआधी नाल्यावर, रस्त्यावर, नळाच्या लाइनवर खुंट्या रोवाव्यात, पाण्याची वर्षभराची नोंद घ्यावी, आणि तिची एक प्रत ग्रामपंचायतीत असावी.

माझ्या घरच्या विहिरीचं पाणी मी दर महिन्याला मोजून वहीत लिहितो. वही बाहेर टेबलावर ठेवली आहे. रकाने कसे आखायचे ते बघून जा.