रंगाखालचं लोखंड

फ्रेंच-अमेरिकी शिल्पकार निकी द सां फालच्या 'नाना', म्हणजे बायकांच्या मोठाल्या रंगीत मूर्ती, पाहून माणूस आधी हसतो, आणि त्यांचा हेतूही तोच आहे. अवाढव्य मांड्या, इवलंसं डोकं, अंगभर फुलं आणि चट्टेपट्टे. पण आज आपण या बायकांच्या कातडीखाली काय आहे ते बघू.

१९६५च्या सुमाराच्या पहिल्या नाना जाळी, कापड, लोकर आणि कागदाच्या लगद्याच्या होत्या. दालनात त्या झकास दिसतात, पण पावसात टिकणं शक्यच नाही. १९६६ मध्ये स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझेट या कलासंग्रहालयात निकीनं स्विस शिल्पकार झां तँगली आणि स्वीडिश कलाकार पेर ओलोफ उल्टवेड यांच्यासोबत 'होन' उभारली. आडवी पडलेली, २५ मीटरच्या आसपास लांबीची बाई. प्रेक्षक तिच्या पायांमधून आत शिरत. एका स्तनात दुधाचा बार होता. तीही सांगाड्यावर जाळी आणि वर गोंदात भिजवलेलं कापड अशीच, म्हणून प्रदर्शन संपल्यावर मोडून टाकली.

उघड्यावर ठेवायचं म्हणजे पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू, आपल्याकडे ज्याला सरसकट फायबर म्हणतात ते. रीत ऐकायला सोपी आहे. रेझिनमध्ये आधी कोबाल्ट (घट्ट होण्याचा वेग वाढवणारं द्रावण) नीट ढवळून घ्यायचं, मग एक ते दोन टक्के हार्डनर, म्हणजे रेझिन घट्ट करणारं रसायन. ही दोन्ही थेट एकमेकांत कधीही ओतायची नाहीत, भडका उडतो. हार्डनर जास्त पडला तर रेझिन तापतं आणि तडकतं. कमी पडला तर दुसऱ्या दिवशीही हाताला चिकटतं. मॅटचे, म्हणजे काचतंतूंच्या चटईचे, तीन-चार थर, आणि प्रत्येक थरावर रोलर फिरवून हवा काढायची. राहिलेला बुडबुडा उन्हात फुगतो आणि रंगाची खपली निघते. पोट मोठं आणि थर दोनच असतील तर ते वाऱ्यानं लवतं, रंगाला केसासारख्या चिरा पडतात. एका पायावर नाचणारी आकृती तोल सांभाळते ती पायातून खाली तळपट्टीपर्यंत गेलेल्या पोलादी नळीच्या जोरावर.

इटलीतल्या तस्कनीत कापाल्बिओजवळ गाराव्हिक्किओला निकीनं टॅरोच्या, म्हणजे भविष्य सांगायच्या, बावीस पत्त्यांवरच्या आकृतींची बाग केली. काम सत्तरच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालं, बाग लोकांसाठी उघडली १९९८ मध्ये. इथं माणसं आकृतींच्या आत जातात, तेव्हा फायबरचं पोकळ कवच पुरेसं नव्हतं. तँगली आणि साथीदारांनी सळ्या वाकवून, वेल्डिंग करून सांगाडे केले. त्यावर जाळी, जाळीवर फवारलेलं सिमेंट. त्यातल्या 'सम्राज्ञी' या पत्त्याच्या आकृतीच्या पोटात निकी काही वर्षं राहिली. झोपायची खोली एका स्तनात, स्वयंपाकघर दुसऱ्यात!

माझ्या मते खरं कसब आहे ते या आकृतींवर बसवलेल्या मातीच्या फरशांमध्ये. माती थेट मूर्तीच्या अंगावर थापून, आकार घेऊन, नंबर टाकून काढायची. भट्टीत भाजून, ग्लेझ (काचेसारखा चकचकीत लेप) देऊन पुन्हा त्याच जागी बसवायची. पण भाजल्यावर माती सुमारे १० टक्के आकसते. म्हणजे प्रत्येक फरशीभोवती फट आलीच. ती लपवायची कशी? लपवली नाहीच. हातानं कापलेल्या काचेच्या तुकड्यांनी भरली, आणि तीच नक्षी झाली.

आकृतींवर लावलेल्या आरशाच्या तुकड्यांचं गणित वेगळं. सपाट भागावर तळहाताएवढा तुकडा चालतो. बाक आला की नखाएवढा हवा. मोठा तुकडा बाकावर मध्येच टेकतो, कडा उचललेल्या राहतात, पाणी मागे शिरतं आणि आरशाची कलई काळी पडते.

या रंगीबेरंगी कामाची किंमत निकीच्या फुप्फुसांनी मोजली. पॉलिएस्टरची वाफ आणि धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली. श्वसनाच्या विकारानं २००२ मध्ये ती गेली. आपल्याकडे चित्ररथाची कामं करणारी मुलं आजही नाकाला सुती रुमाल बांधून बसतात. त्यानं रेझिनमधल्या स्टायरीन या रसायनाची वाफ अजिबात अडत नाही. सेंद्रिय वाफेसाठीचं कार्ट्रिज असलेला मास्कच लागतो, आणि वास येऊ लागण्याआधीच ते कार्ट्रिज बदलायचं असतं. घासकाम पाणी लावून, ओल्या पॉलिश पेपरनं करायचं.