आधी शिवण बघा

श्रोतेहो, नमस्कार.

थंडी पडायला लागली की गावोगाव तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागतात, आणि त्याच सुमारास आपल्या कपाटांतून जुने स्वेटर बाहेर निघतात. आखूड झालेले, कोपरावर विरलेले, गळा सैल पडलेले. ते एवढ्यात टाकू नका. उलट पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी गेलात, तर कपड्यांच्या ढिगात जरा हात घालून बघा. मोठ्या माणसाच्या स्वेटरमध्ये तीन-चारशे ग्रॅम लोकर सहज असते. ती उसवून, धुऊन पुन्हा विणता येते आणि वर्षानुवर्षं टिकते.

मात्र प्रत्येक स्वेटर उसवता येत नाही. म्हणून आधी शिवण बघा. स्वेटर उलटा करा आणि बगलेखालून कमरेपर्यंत आलेली शिवण उजेडात धरा. दोन्ही बाजूंच्या कडा विणलेल्याच असतील आणि मधे नुसता जोडधागा असेल, तर तो स्वेटर घ्या. कडा कापून त्यावर ओव्हरलॉक मारलं असेल, तर तो खाली ठेवा. तिथे प्रत्येक ओळ दोन्ही टोकांना कापलेली असते, म्हणून हातात अखंड धागा न येता नुसते तुकडे येतात. धुण्यात आक्रसून घट्ट झालेला स्वेटरही नको, त्याचे टाके एकमेकांत रुतलेले असतात. रंगाला भुलू नका. आधी शिवण, मग रंग.

जुन्या लोकरीचा हा व्यवहार मोठ्या प्रमाणावरही चालतो. इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ या माणसानं 1813 साली लोकरीच्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत काढलं. आज आपल्याकडे पानिपतला परदेशातले जुने लोकरी कपडे येतात. त्यांची बटणं, चेन, लेबलं काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, म्हणजे नव्यानं रंगवायची फारशी गरज उरत नाही. मग ते कपडे यंत्रात फाडून त्यांच्या सुताची ब्लँकेटं विणतात. काम मोलाचं आहे, पण फाडताना तंतू तुटून आखूड होतो. आपण हातानं उसवतो तेव्हा धागा अखंड राहतो. घरी उसवलेली लोकर मला म्हणूनच श्रेष्ठ वाटते.

आता माझ्या आत्याची गोष्ट ऐका.

आत्या जुन्या नाशकात वाड्यात राहायची. सत्तरच्या दशकातली गोष्ट आहे. एका सकाळी बोहारीण आली. तिनं ओट्यावर गाठोडं सोडलं आणि त्यात आत्याला एक गडद हिरवा पुरुषी स्वेटर दिसला. आत्यानं तो उचलला, उलटा केला, शिवण बघितली आणि आत जाऊन स्टीलचं पातेलं घेऊन आली.

"हे घे आणि हा स्वेटर मला दे."

बोहारीण बघतच राहिली. कपडा देऊन भांडं घ्यायची वेळ तिच्यावर कधी आली नव्हती. "वैनी, कोपरावर फाटलाय त्यो," ती म्हणाली. "दिसतंय मला," आत्या म्हणाली. "मंग कशाला घेता?" तोवर वाड्यातल्या बायका जमल्या. बोहारणीला वाटलं, यात काहीतरी दडलंय. तिनं स्वेटर झटकला, दोन्ही बाह्यांत हात घालून बघितला, आणि पातेल्यावर झारा मागितला. त्या झाऱ्यावर बरीच घासाघीस झाली. शेवटी पातेलं आणि झारा, दोन्ही गेलं.

आत्यानं तिथंच उसवायला घेतलं. मी समोर दोन्ही हात पसरून बसले आणि माझ्या हातांवर लडी चढू लागली. हात भरून आले तसे मी ते खाली घेतले, तर बोहारणीनं गाठोडं बाजूला सारलं आणि स्वतःचे हात पुढे केले. डावी बाही उसवताना आत्या थांबली. तिथला हिरवा जरा वेगळा होता, उजेडात धरल्याशिवाय कळू नये इतकाच. "विणणारीला लोकर कमी पडली," आत्या म्हणाली, "आणि नंतर मिळाली ती दुसऱ्या लॉटची." त्या बाहीची लडी तिनं वेगळी बांधली.

त्या लोकरीचे माझ्या दोन आतेभावांना दोन स्वेटर झाले. संक्रांत झाली, आत्याकडे हळदीकुंकू होतं. मागच्या गल्लीतल्या एक काकू आल्या होत्या. त्यांचे यजमान आदल्या वर्षी गेले होते, तरी आत्या त्यांना आवर्जून बोलवायची. नवरा गेला म्हणून बाईला हळदीकुंकवाला न बोलावणं हा अन्याय आहे, असं मी आजही ठामपणे म्हणते, आणि ज्या घरांत अजून तसं चालतं त्यांनी यंदा ते थांबवावं.

तर काकू तिळगूळ खात बसल्या होत्या आणि धाकटा आतेभाऊ पळत आत आला. काकूंनी त्याला जवळ ओढलं, स्वेटरची कड बोटांत धरली आणि म्हणाल्या, "ही लोकर माझी आहे."

सगळ्या गप्प झाल्या. काकूंचे यजमान नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते, पहाटे सायकलवरून जायचे. त्यांच्यासाठी काकूंनी तो स्वेटर विणला होता. ते गेल्यावर त्यांनीच तो बोहारणीला दिला, कारण खुंटीवर बघवत नव्हता.

आत्या त्यांच्याजवळ जाऊन बसली आणि म्हणाली, "काकू, डाव्या बाहीला लोकर कमी पडली होती ना तुम्हाला?"

काकू हसल्या, आणि हसताहसता त्यांचे डोळे भरून आले. "दोन औंस कमी पडली हो! सगळा मेन रोड पालथा घातला, तोच रंग काही मिळाला नाही. ह्यांना मात्र शेवटपर्यंत कळलं नाही." मग डोळे पुसून त्यांनी विचारलं, "ती बाही कुठे लावलीत?"

आत्यानं पोराला पाठमोरं केलं. "पाठीत. दोन ओळी ह्या, दोन ओळी त्या. शोधा आता." काकूंनी चष्मा लावून बघितलं, पोराला दारात उजेडाला नेलं, पण त्यांना फरक सापडला नाही. त्या दिवसापासून काकू दुपारी सुया घेऊन आत्याकडे यायला लागल्या. आणि बोहारीण दर हिवाळ्यात स्वेटर वेगळे बांधून आणायची आणि दारातूनच सांगायची, "शिवण बघितलीया वैनी."

दोन लॉटची लोकर असेल तर आत्याची ही युक्ती लक्षात ठेवा. दोन ओळी ह्या, दोन ओळी त्या.

आता थोडक्यात कृती. शिवण साखळी टाक्याची असेल आणि जोडधाग्याचं बरोबर टोक सापडलं, तर ती तांदळाच्या पोत्यासारखी सरसर सुटते. गळ्याची पट्टी आणि बाह्या सोडवा. मग विणताना जिथे टाके बंद केले, तिथून, म्हणजे बहुधा वरून खाली उसवत या. धागा खुर्चीच्या पाठीवर गुंडाळा आणि लडी चार ठिकाणी सैल बांधा. रिठ्याच्या कोमट पाण्यात भिजवा, चोळू नका. सावलीत टांगा, खाली हलकं वजन लावा. लोकरीचे वळसे पाण्यानं सुटतात. ॲक्रिलिकचे नुसत्या पाण्यानं सुटत नाहीत, त्याला लांबून वाफ द्यावी लागते. ओळखायचं कसं? धाग्याचा तुकडा चिमट्यात धरून जाळा. केस जळल्याचा वास येऊन राख झाली तर लोकर, वितळून टणक गोळी झाली तर ॲक्रिलिक. दुकानदारांनी ॲक्रिलिक हे लोकर म्हणून विकू नये, हे माझं जुनं म्हणणं आहे. कसरीची शंका असेल तर तो स्वेटर घरातल्या इतर लोकरी कपड्यांत मिसळू नका.

आणि पुरुष श्रोत्यांनो, हे तुमचंही काम आहे. हिमाचलातले गद्दी मेंढपाळ चालताचालता तकलीवर लोकर काततात.

यंत्रावर विणलेल्या स्वेटरचा धागा बारीक निघतो. असे दोन-तीन धागे एकत्र घ्या, दहा नंबरच्या सुयांवर वीस टाके घालून आधी छोटा नमुना विणा. तो फार घट्ट वाटला तर आठ नंबरच्या, म्हणजे जरा जाड सुया घ्या, आणि मग टोपीला सुरुवात करा. पुढच्या वेळी क्रोशाच्या सुईबद्दल बोलू. नमस्कार.