मापाचं बूड

श्रोतेहो, नमस्कार. नाताळ आला. फतेहगंजातल्या चर्चवर रोषणाई झाली, घराघरांत कागदी चांदण्या लागल्या. आपल्या वडोदऱ्यात सणाची हौस कुणाला नाही? गणपती, नवरात्र, नाताळ, सगळं दणक्यात. करंज्या मात्र घरीच तळा. विकतच्या करंजीत सारण शोधावं लागतं. आणि मैदा-तूप घेऊन भट्टीवर जायचं, समोर नानखटाई भाजून घ्यायची, हे आता मुलांना ठाऊकच नाही. असो.

आज बोलायचंय ते नावापुरत्या ख्रिस्तीपणाबद्दल. बाप्तिस्मा झाला, दृढीकरण झालं, म्हणजे विश्वासाची जाहीर कबुली देण्याचा विधी झाला, चर्चच्या मंडळीच्या वहीत नाव लागलं, की आम्ही ख्रिस्ती. मीही असाच वाढलो. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. पुढे त्यांनीच लिहून ठेवलंय की आठ वर्षांनी त्यांना उमगलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालाच नाही. पुन्हा सांगतो. धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. कोलकात्याच्या पंडितांनी ज्यांना 'सरस्वती' म्हटलं, त्या विदुषीची ही कबुली. १९०० च्या, म्हणजे विक्रम संवत १९५६ च्या, छप्पनिया दुष्काळात आपल्या गुजरातेतल्या उपाशी मुलींना त्यांनी केडगावला आपल्या आश्रमात, मुक्तिसदनात नेलं, ते या उमगण्यानंतर.

पण मला हे कळलं ते माझ्या मोठ्या मामांमुळे.

मामांचं दांडिया बाजारामागच्या गल्लीत रॉकेलचं दुकान होतं, रेशनचं. मंडळीत गाण्याला पहिला आवाज त्यांचा. रविवार कधी चुकला नाही. आणि दुकानातलं लिटरचं माप होतं पत्र्याचं, त्याचं बूड खालून ठोकून वर घेतलेलं. बाहेरून कळायचं नाही. मी बोट घालून पाहिलं होतं, चांगला लिंबाएवढा फुगवटा लागायचा. प्रत्येक लिटरमागे तेवढं रॉकेल मामांचं.

मी सातवीत होतो. ईस्टरआधीच्या उपासकाळातल्या एका रविवारी पाळकसाहेबांनी बायबलातला जक्कयाचा उतारा वाचला. उंबरावर चढलेला तो जकातदार, फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो म्हणणारा. शेवटचं गीत लागलं, तर मामांचा आवाजच नाही. मान खाली. घरी आले ते जेवले नाहीत. दुकान उघडून हातोडीनं मापाचं बूड खाली ठोकत बसले. पत्रा फाटला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पदरच्या पैशानं खुल्या बाजारातलं रॉकेल आणलं. किती जणांचं किती खाल्लं, हिशोब लागेना. मग रेशनचं रजिस्टर काढून घरटी दोन लिटर ठरवलं. मामांच्या हातात डबा, माझ्या हातात नरसाळं. दारोदार.

पहिल्याच घरी एक गुजराती बा. त्यांनी विचारलं, "भाई, आजे शुं छे?" मामा म्हणाले, "बा, में तमने ओछुं आप्युं हतुं." तुम्हाला कमी दिलं होतं. बा काही बोलल्या नाहीत. आतून बाटली आणली, मी नरसाळं धरलं. मामांचा हात इतका थरथरत होता की थोडं ओट्यावर सांडलं. बांनी पायपुसण्यानं पुसलं आणि म्हणाल्या, "बेसो, चा पीने जाओ."

सगळे असे नव्हते. आपल्याच एका मराठी गृहस्थांनी गल्ली गोळा केली, तक्रार करतो म्हणाले. मामा म्हणाले, "करा. खरंच आहे ते." मंडळीतले लोकही चिडले: मनात पश्चात्ताप करायचा, गावभर कशाला? मला त्या लोकांचा आजही राग येतो. जक्कय भर गर्दीत बोलला होता. ज्याचं खाल्लं त्याच्या दारात जावंच लागतं. चर्चमध्ये रडून भागत नाही. ज्याचं खाल्लं त्याच्या दारात.

तक्रार झाली, परवाना गेला. मामींनी दोन बांगड्या विकल्या. मग मामांनी त्याच ओट्यावर पिना आणि वॉशर मांडून स्टो दुरुस्ती सुरू केली. पहिले दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी बा आल्या, पदराखाली पितळी स्टो घेऊन.

नमस्कार.