भुकेल्यांसाठी पेरलेले शेत

अध्यक्षमहोदय आणि मित्रहो, आजचा विषय 'अन्नमदतीचे अर्थकारण' असा जाहीर झालेला असला, तरी कॅनडातील मॅनिटोबा प्रांतातल्या शेतकऱ्यांची हकीकत सांगितल्याशिवाय मला त्याकडे वळता येणार नाही.

यांतले पुष्कळजण मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाचे. त्यांचे पूर्वज युक्रेनमध्ये गहू पिकवीत. यादवी युद्धामागोमाग 1921-22 मध्ये तेथे भीषण दुष्काळ पडला, तेव्हा उत्तर अमेरिकेतील धर्मबांधवांनी 1920 मध्ये स्थापलेल्या मेनोनाइट सेंट्रल कमिटीने तेथे अन्नछत्रे उघडली. आणि पुढे 1923 ते 1930 या काळात सुमारे 20 हजार मेनोनाइट कॅनडात येऊन स्थायिक झाले. ज्या समाजाने अन्नछत्राच्या रांगेत दिवस काढले, त्याने 1976 मध्ये सुकाळातले धान्य दुष्काळासाठी राखणारी पेढी काढावी, याचे मला नवल वाटत नाही. बायबलमधल्या योसेफाने मिसर देशात हेच केले होते. 1983 मध्ये इतर चर्चही सामील झाली आणि विनिपेग येथे कॅनेडियन फूडग्रेन्स बँक उभी राहिली. आज तिच्यात 15 चर्च आणि चर्चसंस्था आहेत. बाप्तिस्मा बाळाला द्यावा की जाणत्या माणसाला, यावर ज्यांचे शतकानुशतके एकमत झाले नाही, ते कॅथलिक, बाप्टिस्ट आणि मेनोनाइट गव्हाच्या शेतात एकत्र आले, ही मला फार आनंदाची गोष्ट वाटते.

या बँकेसाठी शेत पिकवायला कोणी जमीन देतो, कोणी बियाणे, कोणी डिझेल. खताचा व्यापारी दर कमी करतो. गहू, कॅनोला नावाचे तेलबियांचे पीक किंवा सोयाबीन उभे राहते आणि कापणीच्या दिवशी शेजारपाजारचे शेतकरी आपापली कापणीयंत्रे घेऊन येतात. काम उरकले की सर्वांचे एकत्र जेवण होते; आपल्याकडची इर्जिकच ती.

अध्यक्षांनी घड्याळाकडे बोट दाखवले आहे, म्हणून मूळ मुद्दा थोडक्यात सांगतो. हे पीक जहाजात चढत नाही. ते कॅनडातच विकले जाते, पैसा बँकेकडे जमा होतो आणि ठरावीक मर्यादेपर्यंत सरकार त्यात एकास चार या प्रमाणात भर घालते. पूर्वी सरकारी अन्नमदतीतील 90 टक्के धान्य कॅनडातूनच घेण्याची अट होती. त्यामुळे वाहतुकीवर पैसा जाई, धान्य पोहोचायला महिने लागत आणि आयात धान्याने मदत घेणाऱ्या देशातल्या शेतकऱ्याचा भाव पडण्याची भीती असे. ही अट काढावी म्हणून सरकारकडे आग्रह धरला तो याच बँकेने, म्हणजे धान्य पिकवणाऱ्यांच्या जिवावर उभ्या असलेल्या संस्थेने. 2005 मध्ये ही अट 50 टक्क्यांवर आली आणि 2008 मध्ये पूर्णपणे गेली. आता भुकेल्यांच्या जवळच्या बाजारातून धान्य घेता येते, आणि जेथे बाजारात माल आहे पण हातात पैसा नाही, तेथे लोकांना रोख रक्कमही देता येते.